जुन्या एअर रायफलचा झिजलेला चाप कसा बदलावा

नळी मोडून (म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून) रायफल कॉक केली, म्हणजे आतली स्प्रिंग दाबून अडकवली, आणि चापाला बोट लागायच्या आत स्प्रिंग सुटली, तर रायफल त्याच क्षणी खाली ठेवा. ‘जरा तेल सोडून बघू’ म्हणत पुन्हा कॉक करू नका. दुसऱ्या वेळी तुमचं बोट नळीच्या मागच्या, उघड्या टोकाशी छर्रा बसवत असेल. जुन्या मॉडेलमध्ये नळी उघडी असताना चाप अडवणारी यंत्रणा बहुधा नसते. पिस्टन सुटला की नळी कमानीसारखी उसळून बंद होते. मध्ये बोट असेल तर ते चेचतं, नसेल तर नळी वाकते. खालच्या दांडीने कॉक होणाऱ्या, मागेपुढे सरकणारा सिलिंडर असलेल्या रायफलीत तर बोट तुटूही शकतं.

जुन्या नाशकातल्या वाड्यांत, दिंडोरी-निफाडकडच्या मळ्यांतल्या घरांत अशा रायफली आजही निघतात. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी पत्र्याच्या डब्यावर नेम धरून वापरलेली आणि मग वीसेक वर्षं पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलेली. हल्ली मुलं शाळेत नेमबाजी शिकायला लागली की ती खाली उतरते. दस्ता पुसला, नळीतून चिंधी फिरवली की दिसायला छान होते. चाप मात्र आतून झिजलेला असतो आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही.

हा लेख फक्त स्प्रिंगवर चालणाऱ्या, नळी मोडून कॉक होणाऱ्या ४.५ मिमी, म्हणजे .१७७ बोअरच्या एअर रायफलबद्दल आहे. दारूगोळ्यावर चालणारी रायफल, मग ती साधी बोल्टची असो की जुनी सेमी-ऑटोमॅटिक .२२, घरी उघडायची नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकांच्या दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो, तेव्हा ते काम परवानाधारक गनस्मिथकडेच न्या आणि नेताना तुमच्या परवान्याचं पुस्तक बरोबर ठेवा. तिथे सिअर (चाप ओढेपर्यंत यंत्रणा अडवून धरणारा पोलादी तुकडा) घसरला तर नळीतून गोळीच जाते, आणि सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एकामागून एक जाऊ शकतात.

एअर रायफललाही कायदा आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे बोअर .१७७ पेक्षा जास्त असेल किंवा नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलच्या वर जात असेल, तर परवाना लागतो. जुन्या स्प्रिंग रायफली बहुतेक याच्या बऱ्याच खाली असतात. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १८० मीटर वेगाने सुटला तर हिशोब ८ ज्यूलच्या आसपास येतो. म्हणून दुरुस्ती करताना ‘आता उघडलीच आहे तर जरा जाड स्प्रिंग टाकू’ हा मोह टाळा. त्यात कायद्याची रेघ जवळ येते आणि झिजलेल्या सिअरवर जास्त भार पडतो, तो वेगळाच.

द्राक्षबागवाल्यांसाठी एक वाक्य. मणी भरायला लागल्यावर पक्ष्यांचा त्रास होतो हे खरं, पण त्यासाठी रायफल दुरुस्त करणार असाल तर इथेच थांबा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे, आणि तुमच्या बागेवर येणारे थवे नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याचेही असू शकतात, जे रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. बागेला जाळी लावा.

आधी खात्री करा की चापच झिजला आहे

निम्म्या वेळा दोष चापात नसतोच. दस्ता धरणारे पुढचे दोन आडवे स्क्रू आणि ट्रिगर गार्डचा स्क्रू ढिले झाले की अख्खी रायफल दस्त्यात हलते. मग चाप कधी हलका लागतो, कधी जड. पहिलं काम ते स्क्रू आवळून बघण्याचं. त्यानंतर चापाच्या मागेपुढे एखादा बारीक ॲडजस्टमेंटचा स्क्रू आहे का ते पाहा. कुणीतरी ‘चाप मऊ करतो’ म्हणून तो आत फिरवून ठेवलेला असतो. तो अर्धा-अर्धा फेरा बाहेर काढत जाऊन चाप सुधारतो का ते बघता येतं, पण रायफल कॉक नसताना. तिसरं म्हणजे जुनं ग्रीस. वीस वर्षांत ते डिंकासारखं चिकट होतं, चाप ओढल्यावर परत येत नाही आणि सिअर खाचेत पूर्ण बसत नाही. अशा वेळी भाग उघडून रॉकेलने किंवा पेट्रोलने धुतले, वाळवले आणि बसवले तरी रायफल ठणठणीत होते. नवा भाग लागतच नाही.

खरी झीज ओळखायच्या खुणा वेगळ्या. कॉक करताना ‘खट्’ असा स्पष्ट आवाज येण्याऐवजी बोदा आवाज येतो, किंवा दोन-तीनदा ताणल्यावर एकदा अडकतं. काहीही न बदलता चाप महिन्यागणिक हलका होत जातो. नळी बंद करताना किंवा दस्ता जमिनीवर जरा जोरात टेकला की रायफल सुटते. चाप ओढताना आधी थोडा घसरतो, अडतो, पुन्हा घसरतो. शेवटची खूण नवख्यांच्या लक्षात येत नाही, कारण त्यांना वाटतं चाप असाच असतो. यातली एक जरी दिसली तरी रायफल उघडायची.

काय लागेल

पेचकस खाचेत घट्ट, कडेपासून कडेपर्यंत बसणारा हवा. जुन्या रायफलच्या स्क्रूंची डोकी चुकीच्या पेचकसाने खराब झालेली दिसतात आणि मग तो स्क्रू काढायला लेथवाल्याकडे जावं लागतं. पिना काढायला पिन पंच, पिनेपेक्षा अगदी किंचित बारीक. खिळा वापरू नका, तो पिनेचं तोंड फुलवतो आणि मग पिन भोकातून निघता निघत नाही. पितळी हातोडी, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन), एक भिंग, चांगला टॉर्च, पांढरं कापड अंथरलेलं ताट आणि डोळ्यांना गॉगल. गॉगल हा शोभेसाठी नाही. चापाची बारीक स्प्रिंग उडाली की ती बरोबर डोळ्याच्या उंचीवर येते. मोबाइल हाताशी ठेवा, प्रत्येक भाग काढायच्या आधी एक फोटो काढा. मॉलिब्डेनम ग्रीसची छोटी ट्यूब घ्या, ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळते.

आणि क्लॅम्प. सुताराकडे असतो तसा लांब सॅश क्लॅम्प, किंवा पूर्ण आटे पाडलेला बारा मिमीचा रॉड आणि दोन जाड पाट्या वापरून केलेला घरगुती. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण याच ठिकाणी लोक जखमी होतात.

रायफल मोकळी आहे ना?

नळी मोडून बघा. कॉक नसलेल्या स्प्रिंग रायफलची नळी खाली ओढताना ताण जाणवतो. नळी सैल, लोंबल्यासारखी खाली गेली तर समजा रायफल आधीच कॉक आहे. अशी रायफल उघडायची नाही. सुरक्षित दिशेला धरून, छर्रा घालून, ट्रॅपमध्ये (छर्रा अडवणाऱ्या खोक्यात) मारून मोकळी करायची. छर्रा न घालता मोकळी करणं टाळा. समोर हवेची गादी नसल्यामुळे पिस्टन सिलिंडरच्या तोंडावर थेट आदळतो, सील फाटतं, स्प्रिंग तुटते. कॉक झालेली आहे आणि चाप ओढून सुटतही नाही, अशी अडकलेली रायफल असेल तर तिला अजिबात हात लावू नका. नळी कुणाकडेही न रोखता कापडात गुंडाळून जाणकाराकडे द्या.

मोकळी असल्याची खात्री झाली की नळीतून आरपार उजेड दिसतो का पाहा. कधीकधी एखादा छर्रा वर्षानुवर्षं आत अडकून बसलेला असतो.

दस्ता वेगळा करणं आणि स्प्रिंगचा ताण सोडणं

दस्त्याच्या पुढच्या भागाच्या दोन बाजूंचे दोन स्क्रू, मग ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू. काही रायफलींत मागचा लाकडाचा स्क्रूही काढावा लागतो. स्क्रू ज्या भोकातले त्याच भोकात परत जायला हवेत, त्यांची लांबी वेगळी असते. ताटात त्याच क्रमाने मांडा. दस्ता निघाल्यावर आतलं लोखंडी अंग म्हणजे नळी, सिलिंडर आणि मागचा ठोकळा हातात येतो.

इथे दोन जाती आहेत. एका जातीत चाप आणि सिअर पिनांवर टांगलेले असतात, आणि मुख्य स्प्रिंग मागच्या वेगळ्या बुचाने अडवलेली असते. अशा रायफलीत चापाचे भाग काढायला मुख्य स्प्रिंगला हात लावावा लागत नाही. दुसऱ्या जातीत चापाचा ठोकळाच स्प्रिंगला मागून अडवतो. तो ठोकळा धरणारी पिन काढली की स्प्रिंग सगळं घेऊन मागे उडते. तुमची रायफल कुठली ते आधी ठरवा. ठरत नसेल तर ती दुसऱ्या जातीची आहे असं धरून चाला.

कॉक नसलेल्या रायफलीतही स्प्रिंग पूर्ण सैल नसते. सिलिंडरमध्ये बसवताना ती आधीच दाबलेली असते, काही रायफलींत दोन-तीन इंच. हाताने दाबून धरू आणि मित्र पिन काढेल, असा विचार करू नका. ठोकळा हातातून सुटला की छातीत किंवा कपाळात बसतो.

क्लॅम्पचं एक टोक नळीच्या तोंडाशी, मध्ये लाकडाचा तुकडा ठेवून. दुसरं टोक मागच्या ठोकळ्यावर, मधोमध. मधोमध म्हणजे खरंच मधोमध, कारण बाजूला दाब पडला की ठोकळा तिरका होतो आणि पिन जास्तच आवळते. आता क्लॅम्प हळूहळू आवळा आणि अधूनमधून पिनेवर पंच ठेवून हलकं दाबून बघा. एका क्षणी पिन मोकळी लागते, बोटाने हलते. तिथेच थांबा. स्प्रिंगचा भार आता पिनेवर नाही, क्लॅम्पवर आहे. पिन काढा आणि क्लॅम्प सोडत जा, अर्धा फेरा, मग थांबून बघत. ठोकळा मागे सरकायचा थांबला, स्प्रिंग सैल झाली की बाहेर काढा. क्लॅम्पच्या रेषेत मान किंवा तोंड ठेवू नका, बाजूला उभे राहा. किती अंतर सोडावं लागलं ते व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा, परत बसवताना हाच आकडा उपयोगी पडतो.

जुन्या जर्मन डायना २७ आणि ३५ सारख्या रायफलींत सिअरच्या जागी तीन पोलादी गोळे असतात. पिस्टनची दांडी आत येते आणि गोळे तिच्या खाचेत बसून तिला धरतात. उघडताना ते घरंगळून जातात, म्हणून ताटावर कापड. त्या मॉडेलमध्ये सहसा गोळे झिजत नाहीत, त्यांना धरणाऱ्या नळकांड्यांच्या कडा झिजतात. ही रचना बनवणाऱ्याने फार डोकं लावून केली आहे आणि नवख्याने ती उघडण्याआधी दोनदा विचार करावा, असं माझं मत.

चापाचे भाग काढणं आणि बघणं

साधी रचना अशी. पिस्टनच्या दांडीला खाच असते. सिअर नावाचा पोलादी तुकडा त्या खाचेत अडकून पिस्टनला मागे धरून ठेवतो. चाप ओढला की सिअर खाचेतून निसटतो. चापाची स्प्रिंग सिअरला परत वर ढकलते. बाकी सगळं म्हणजे पिना आणि त्यांची भोकं.

पिना एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. काही पिनांना एका टोकाला रेघा पाडलेल्या असतात, त्या रेघांची बाजू शेवटी आत जाते आणि काढताना आधी बाहेर येते. नीट बघा, उलटी ठोकली तर भोक मोठं होतं. पिन बाहेर येत असतानाच तिच्या मागोमाग त्याच व्यासाची पण आखूड पिन आत सरकवत गेलात तर भाग आणि स्प्रिंग जागेवरच राहतात. एकत्र बाहेर काढा, फोटो घ्या, मग सुटे करा. स्प्रिंगचा कुठला पाय कुठल्या कडेवर टेकला होता हे त्या फोटोतच सापडतं. नंतर आठवत नाही, कुणालाच आठवत नाही.

सगळं रॉकेलने धुऊन कोरडं करा. आता भिंग आणि टॉर्च.

सिअरची कड बघा. चांगल्या सिअरची कड सरळ रेघ असते, टॉर्च तिरका धरला तर उजेडाची एकच बारीक ओळ चमकते. झिजलेल्या सिअरवर तीच ओळ रुंद होते आणि कोपऱ्याशी वळते. नख फिरवून बघा, धार लागायला हवी तिथे गोलाई लागते. एका कोपऱ्यात जास्त झीज असेल तर सिअर तिरका बसत होता, म्हणजे पिन किंवा भोक आधी गेलं आहे. पिन भोकात घालून हलवा. ती आजूबाजूला ढिली लागत असेल, भोक लांबट झालं असेल, तर नवा सिअरही काही महिन्यांत तसाच होणार.

मग पिस्टनची खाच. लोक सिअर बदलतात आणि खाच बघतच नाहीत. खाचेची कड गोल झाली असेल तर नवा, धारदार सिअर तिच्यावर नीट बसत नाही आणि घसरतो. तेव्हा पिस्टनही बदलावा लागतो, खर्च वाढतो. पण अर्धं काम करून रायफल मुलाच्या हातात देण्यापेक्षा तो परवडला.

कानस नको

सिअर कानशीने सरळ करून देतो म्हणणारा कुणीतरी भेटतोच. ऐकू नका. सिअर आणि खाच एकमेकांना टेकतात त्या पृष्ठभागाचा कोन फार महत्त्वाचा असतो. योग्य कोनात चाप ओढताना पिस्टन केसभर मागे सरकतो, स्प्रिंग आणखी थोडी दाबली जाते आणि मग सुटते. म्हणजे चाप ओढेपर्यंत स्प्रिंग सिअरला आत खेचून ठेवते, दाराची कडी कोयंड्यात बसल्यासारखी. कानशीने कोन एक-दोन अंशांनी जरी उलटा झाला तर तीच स्प्रिंग सिअरला बाहेर ढकलायला लागते. टेबलावर चाप छान मऊ लागतो आणि धक्का बसला की सुटतो.

दुसरं कारण पोलादाचं. सिअर बहुधा केस हार्डनिंग केलेला असतो, म्हणजे वरची मिलिमीटरच्या काही दशांशाइतकी कातडी कठीण आणि आतला गाभा तुलनेने मऊ. कानशीने ती कातडी गेली की उरतं ते मऊ लोखंड, आणि ते फार लवकर दबतं. झिजलेल्या सिअरवर तरी निदान काही ठिकाणी कठीण थर शिल्लक असतो. ऑइल स्टोनने खरखर काढणंसुद्धा मी नवख्यांना करू देत नाही. भाग बदलायचा, घासायचा नाही.

नवा भाग कुठून आणायचा

मॉडेल अजून बनत असेल तर कंपनीच्या विक्रेत्याकडून सिअर, चाप, दोन्ही स्प्रिंगा आणि पिना असा पूर्ण संच मागा. एकटा सिअर मागू नका. नव्या भागावर जुनी पिन म्हणजे पुन्हा तेच. मॉडेल नंबर नळीच्या बुडाशी किंवा सिलिंडरवर कोरलेला असतो. नुसतं ‘डायनासारखी’ सांगून चालत नाही, एकाच नावाच्या रायफलीत वेगवेगळ्या तऱ्हांचे सिअर असू शकतात.

बंद पडलेल्या मॉडेलचा भाग बनवून घ्यावा लागतो, आणि इथे नाशिककरांचं नशीब चांगलं. अंबड आणि सातपूरच्या एमआयडीसीत टूलरूम (साचे आणि सुटे भाग बनवणारी वर्कशॉप), वायरकट (विजेच्या तारेने धातू कापणं), हीट ट्रीटमेंट सगळं दोन-चार किलोमीटरच्या आत आहे. पण तिथे जाऊन ‘हा घ्या नमुना, असाच करून द्या’ म्हणालात तर ते तसाच करून देतील, झिजेसकट. झिजलेला भाग हा नमुना होत नाही. न झिजलेल्या बाजू, भोकाचं मध्य ते कडेचं अंतर, जाडी ही मापं व्हर्नियरने घ्या, जिथे कड गोल झाली आहे तिथे दोन सरळ बाजू पुढे वाढवून त्यांचा मिलनबिंदू काढा आणि कागदावर ड्रॉइंग करून द्या. ड्रॉइंग येत नसेल तर चांगला टूलरूमवाला तुमच्यासमोर करतो.

अंबडच्या एका छोट्या टूलरूममध्ये असा एक सिअर बनताना मी पाहिला. ड्रॉइंग झाल्यावर काका जुना तुकडा भिंगाखाली धरून बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “साहेब, हा तुकडा कानशीने मारलेला आहे, झिजलेला नाही.” कडेवर कानशीच्या तिरक्या रेघा होत्या, आधीच्या मालकाने केलेल्या. त्यांनी भोकापासूनची मापं घेऊन कोन नव्याने काढला, कानस लावलेल्या बाजूकडे बघितलंही नाही.

साहित्य सांगताना ईएन-३६ किंवा त्या जातीचं केस हार्डनिंगचं पोलाद सांगा आणि हार्डनिंगनंतर टेम्परिंग (ठिसूळपणा घालवायला पुन्हा मंद तापवणं) झालंच पाहिजे हे बजावा. ईएन-८ या साध्या पोलादाचा तुकडा नुसता कापून दिला तर तो मऊ राहतो. उलट, टेम्परिंग न केलेला अतिकठीण भाग कोपऱ्यातून खपली निघून तुटतो, आणि तुटका कोपरा झिजलेल्या कोपऱ्यापेक्षा वाईट. वायरकटने कड स्वच्छ येते, पुढे हाताने काम करू नका.

चापाची स्प्रिंग बनवून घेत असाल तर तारेची जाडी आणि वेढे जुन्या स्प्रिंगइतकेच. बारीक तारेची स्प्रिंग टाकून चाप हलका करायची युक्ती फोनवर बरेच जण सुचवतात. ती स्प्रिंगच सिअरला खाचेत परत ढकलते. ती कमजोर झाली तर सिअर अर्धवट बसतो.

बसवणं

उलट्या क्रमाने, फोटो बघत. सिअर आणि खाच जिथे टेकतात तिथे मॉलिब्डेनम ग्रीसचा अगदी पातळ थर, पिनांना तेलाचा एक थेंब. सिलिंडरच्या आत, सीलपुढे, मशीन ऑइल किंवा ग्रीस जाऊ देऊ नका. पिस्टन जोरात पुढे गेला की हवा इतकी तापते की तेल पेट घेतं, डिझेल इंजिनात घेतं तसं. धूर येतो, मोठा आवाज होतो, सील जळतं आणि ऊर्जा क्षणभर कुठल्या कुठे जाते. तिथे काही लावायचंच असेल तर सिलिकॉन ऑइलचा एखादा थेंब.

मुख्य स्प्रिंग बसवण्याआधी चाप एकट्याने तपासा. पिस्टनची दांडी हाताने मागे सरकवून सिअरमध्ये अडकवा, चाप ओढा, सुटतो का बघा. दहा-पंधरा वेळा. प्रत्येक वेळी अडकण्याचा स्पष्ट आवाज, सोडल्यावर चाप पूर्ण पुढे परत. यात काही खटकलं तर स्प्रिंग लावायचीच नाही. मग क्लॅम्पने स्प्रिंग दाबून, पिन घालून, लिहून ठेवलेल्या आकड्याइतकं अंतर भरतं का ते बघत ठोकळा बसवा. पिन दोन्ही बाजूंनी समतल आली पाहिजे. मग दस्ता.

चाचणी

नळीसमोर ट्रॅप ठेवा. लाकडी खोक्याच्या मागच्या बाजूला तीन मिमीचा पत्रा, पुढे जुन्या मासिकांची घट्ट बांधलेली गठ्ठी. नुसत्या भिंतीवर मारू नका, शिशाचा छर्रा उलट येतो. सिडकोतल्या किंवा इंदिरानगरातल्या गच्चीवर चाचणी नको, चुकलेला छर्रा दोन-तीनशे मीटर जातो आणि आजूबाजूला गॅलऱ्या असतात. बंद खोलीचा लांब पॅसेज बरा, त्यात दुसरं दार नसलेला. शक्य असेल तर रेंजवर जा.

पहिल्यांदा कॉक करताना नळी हाताने घट्ट धरून ठेवा, छर्रा घालून नळी बंद होईपर्यंत हात सोडायचा नाही. नळी उघडी असताना चापाजवळ बोट न्यायचं नाही, कधीच. बंद केल्यावर नळी ट्रॅपकडे ठेवून दस्त्याच्या मागच्या टोकावर तळहाताने मारा, मग रबरी हातोडीने जरा जोरात. बाजूनेही मारा. सुटता कामा नये. सुटली तर परत क्लॅम्प. सुटली नाही तर आता चापाने मारा.

मग चापाचं वजन, म्हणजे तो सुटायला किती जोर लागतो ते मोजा. प्रवासाच्या बॅगा मोजायचा डिजिटल हुक-काटा पुरतो. कॉक केलेली, छर्रा भरलेली रायफल ट्रॅपकडे बांधून ठेवा, हुक चापाच्या मध्यावर अडकवा आणि सरळ मागे ओढा. पाच वेळा मोजा. साध्या सिअरच्या जुन्या रायफलीला दीड ते अडीच किलो ठीक. पाचही आकडे जवळ आले पाहिजेत. एकदा दीड, एकदा अडीच येत असेल तर सिअर दर वेळी वेगळा बसतोय. एक किलोच्या खाली आला तर मी ती रायफल वापरायला देणार नाही. नेमबाजीच्या स्पर्धेत १० मीटर एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅमची किमान मर्यादा आहे आणि एअर रायफलला तीही नाही, पण ती यंत्रणा वेगळी आणि महाग असते. मुलांना ते आकडे ऐकून आपल्या जुन्या रायफलीचाही चाप तसा हवा असतो. नाशिकचे क्रीडा मानसतज्ज्ञ भीष्मराज बाम यांनी अनेक नेमबाजांच्या मनाची तयारी करून घेतली. मनाचं काम बोटावर आणि श्वासावर चालतं, आजोबांच्या रायफलीचा सिअर घासून ते होत नाही.

शेवटी १० मीटरवर कागद लावून पन्नासेक छर्रे मारा. स्पर्धेच्या कार्डावरच्या सर्वांत मोठ्या वर्तुळाचा व्यास ४५.५ मिमी आणि दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. तसा गट पडेल अशी अपेक्षा नको. बघायचं इतकंच की पन्नास वेळा चाप सारखाच लागतो का, कॉक होताना तोच ‘खट्’ येतो का. मग दस्त्याचे स्क्रू पुन्हा आवळा, पहिल्या पन्नासांत ते थोडे सुटतातच.

पावसाळा आणि रस्ता

आपल्याकडे जून-सप्टेंबरात चापाच्या पिना गंजतात, त्यातही त्र्यंबक, इगतपुरीकडच्या घरांत जास्त. पावसाळ्यात रायफल कापडी कव्हरमध्ये बंद करून ठेवू नका, कापड ओल धरतं. उघडी, उभी, तेलाचा हात फिरवून आणि मुलांच्या हाताला येणार नाही अशी कुलपात ठेवा. कॉक करून कधीही ठेवायची नाही, स्प्रिंग बसते.

शहरात नेताना केसमध्ये, छर्रे वेगळे, रायफल मोकळी. पोलीस आयुक्तालय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रं बाळगण्याविरुद्ध वेळोवेळी मनाई आदेश काढतं आणि सिंहस्थाच्या बंदोबस्तात ते कडक असणार. लांबून एअर रायफल आणि खरी रायफल यांतला फरक कुणाला कळत नाही. बिल असेल तर त्याची प्रत केसच्या खिशात.

काम झाल्यावर हात साबणाने धुवा, छर्रे शिशाचे असतात, दातात धरून भरायची जुनी सवय असेल तर ती सोडा. झिजलेला सिअर फेकू नका. पारदर्शक पिशवीत घालून, मॉडेल नंबर आणि चापाचे पाच आकडे चिठ्ठीवर लिहून दस्त्याच्या स्क्रूंच्या डब्यातच ठेवा. पुढच्या वर्षी वजन पुन्हा मोजाल तेव्हा फरक त्या चिठ्ठीवरून कळेल.